दुसऱ्या लाटेत गावात किती माणसं गेली: बेळगाव तालुक्यातल्या एका नाववार मोजणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आहे, चंदगडच्या हद्दीपासून फार लांब नाही. गाव आणि घरं ओळखू येऊ नयेत म्हणून इथे नावं दिलेली नाहीत, गावाचे आकडे ढोबळ ठेवलेत आणि काही कुटुंबांचे तपशील थोडे बदललेत. वस्ती साधारण 4 हजार. मराठी बोलणारी घरं जास्त. एका गल्लीत कन्नड, मशिदीच्या मागच्या बाजूला उर्दू. भात, ऊस, बटाटा, रताळी ही पिकं. तरुण पोरं उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत आणि मशीन शॉपमध्ये, काही गोव्यात, काही पुण्यात. सोयरीक मात्र निम्मी चंदगड-गडहिंग्लजकडची. त्यामुळे आजारी माणूस बेळगावला नेला जातो तसा कोल्हापूर-मिरजेलाही नेला जातो. सरहद्द कागदावर असते आणि रुग्णवाहिका ती रोज ओलांडते. पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ इथेच आहे.

बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी 23 सप्टेंबर 2020 रोजी दिल्लीत कोविडने गेले. त्या जागेची पोटनिवडणूक 17 एप्रिल 2021 रोजी झाली आणि दुसरी लाट नेमकी त्याच दिवसांत गावात शिरली. 27 एप्रिलपासून कर्नाटकात निर्बंध लागले, 10 मेपासून ते आणखी कडक झाले. शहरात खाट मिळेना, चाचणीचा अहवाल यायला कित्येक दिवस लागत. बोटाला ऑक्सिमीटर लावून लोक घरीच पडून राहिले. काही घरांत एकामागून एक दोन मृत्यू झाले. तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळाली नाहीत, आणि दिवसकार्य तर बहुतेकांचं उरकूनच घेतलं गेलं.

प्रश्न कुठे उभा राहिला

2021 च्या दिवाळीनंतर. त्याआधी 30 जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की कोविडने गेलेल्यांच्या कुटुंबांना सानुग्रह मदत द्यायला हवी. रक्कम किती ते राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठरवावं. सप्टेंबरमध्ये 50 हजार रुपये ठरले. कर्नाटक सरकारने बीपीएल कुटुंबांसाठी वेगळे 1 लाख जाहीर केले होते. गावातून अर्ज गेले आणि त्यातले तीन परत आले.

पहिल्या घरातल्या माणसाच्या दाखल्यावर कारण होतं ‘हृदयक्रिया बंद पडून’. दुसऱ्याचा मृत्यू कोल्हापुरातला होता. इकडच्या खिडकीवर सांगितलं तिकडे जा आणि तिकडच्या खिडकीवर सांगितलं तुम्ही कर्नाटकातले. तिसरी एक म्हातारी बाई. घरीच गेली, चाचणी झालीच नव्हती, आणि तिच्या मृत्यूची नोंदसुद्धा कुणी केली नव्हती.

या तीन अर्जांवरून चहाच्या गाड्यावर वाद पेटला. गाव म्हणे, शंभर माणसं गेली. आरोग्य केंद्राकडच्या यादीत नावं होती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तलाठ्याच्या वहीतला आकडा तिसराच होता, कारण त्यात सगळ्याच कारणांचे मृत्यू होते आणि तेही फक्त गावाच्या हद्दीत झालेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. यातला कुठलाच आकडा कुणी मुद्दाम दडपलेला नव्हता. आरोग्य केंद्राचा आकडा बनायला एक साखळी लागते: चाचणी पॉझिटिव्ह, नमुन्याच्या अर्जाचा एसआरएफ क्रमांक, मग राज्याने रुग्णाला दिलेला ‘पी नंबर’, रुग्णालयाने कळवलेला मृत्यू, जिल्ह्यात त्याची छाननी आणि शेवटी संध्याकाळचं बुलेटिन. यातली एक कडी सुटली की माणूस यादीतून सुटतो. तलाठ्याची वही चालते 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यावर, आणि तो कायदा सांगतो की मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद व्हायची. खासदारांच्या मृत्यूची नोंद दिल्लीची, तशी आमच्या गावच्या माणसाची कोल्हापूरची. आणि गावाचा ‘शंभर’ हा धसक्याचा आकडा होता. रोज सकाळी कुणाचं तरी गेल्याचं कानावर येत होतं, त्यात शेजारच्या गावांतली माणसंही धरली जात होती.

वाचनालयात बसणाऱ्या आम्हा काही जणांना वाटलं की भांडण आकड्याचं आहे तोवर ते मिटणार नाही. नावं लिहायला घेऊ. त्यात एक निवृत्त शिक्षक होते, एक आशाताई (गावची आरोग्य स्वयंसेविका), महाविद्यालयात शिकणारी तीन-चार मुलं, आणि कागदपत्रांच्या बाजूला मी.

इतरांनी कसं मोजलं

सुरुवात करण्याआधी आम्ही बरंच वाचलं, आणि त्याचा उपयोग झाला.

बेळगाव 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होतं. 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत, या इलाख्यात फार वाईट होती. देशभरात त्या साथीत किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. दोन अंदाजांतला फरकच 50 लाखांचा! कारण साधं आहे: नोंद करणारा गावकामगारच अंथरुणाला खिळला होता किंवा गेला होता, वह्या कोऱ्या राहिल्या. पुढे 1921 च्या जनगणनेत किती माणसं कमी भरली यावरून मागाहून हिशेब मांडावा लागला. आमच्या गावात त्या साथीतलं एकही नाव कुणाला सांगता येत नाही. ‘मानमोडीत घरच्या घरं बसली’ एवढंच पुढच्या पिढ्यांकडे आलं.

या वेळचंही चित्र फार निराळं नव्हतं. बिहारने जून 2021 मध्ये फेरतपासणी केली तेव्हा राज्याचा आकडा एका दिवसात 5,458 वरून 9,429 वर गेला. गुजरातमध्ये एका दैनिकाने मृत्यूचे दाखलेच मोजले: 1 मार्च ते 10 मे 2021 या काळात सव्वा लाखाच्या आसपास, आदल्या वर्षी त्याच दिवसांत 58 हजार. पुढे मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 मिळून भारतातले जादा मृत्यू 47 लाख असल्याचा अंदाज दिला; सरकारी आकडा तेव्हाच्या हिशेबाने 4 लाख 81 हजार होता, आणि केंद्र सरकारने त्या पद्धतीवर हरकत घेतली. पद्धतीवर वाद जरूर व्हावा. पण देशाच्या नागरी नोंदणीतच 2020 मध्ये 81 लाख मृत्यू आहेत आणि 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. नोंदणी सुधारली म्हणून त्यातले काही वाढले असं धरलं तरी सगळी वाढ त्यात बसत नाही, असं माझं मत आहे.

आमच्या कामावर सगळ्यात जास्त परिणाम मात्र बोस्नियाच्या उदाहरणाचा झाला. तिथल्या 1992 ते 1995 च्या युद्धात 2 लाख माणसं मेली असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. सारायेव्होतल्या एका संस्थेने एकेक नाव, गाव, तारीख गोळा केली तेव्हा 2007 मध्ये यादी 97,207 वर थांबली. म्हणजे नाववार मोजणीने आकडा वाढतोच असं नाही, तो निम्म्यावरही येऊ शकतो. शिक्षकांनी हे वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘आपले शंभर जर चाळीस निघाले तर गावाला तोंड द्यायची तयारी आहे का?’ त्या प्रश्नावर होकार मिळाल्यावरच काम सुरू झालं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून सरकारी यादी मागवण्याचा. तो स्वस्त होता, पण सरकारी यादीत जे नाही ते त्यातून कळणार नव्हतं. दुसरा, अर्ज अडलेल्या कुटुंबांना फक्त कागद जमवायला मदत करण्याचा. हे तातडीचं होतं. पण मग ज्यांना अर्ज करायचंही सुचलं नाही त्यांचं काय? तिसरा, घरोघर जाऊन 2018 पासूनचे सगळे मृत्यू, कारण कुठलंही असो, लिहून काढण्याचा.

तिसरा निवडला. ‘तुमच्या घरी कोविडने कोण गेलं?’ असं विचारलं की माणूस एकतर घाबरून ‘कुणी नाही’ म्हणतो, नाहीतर मदतीच्या आशेने प्रत्येक मृत्यू त्यात घालतो. ‘गेल्या चार वर्षांत घरातलं कोण कोण गेलं?’ हा प्रश्न कुणालाच बोचत नाही. शिवाय तुलना करायला आधीची वर्षं लागतातच. देशाचा मृत्युदर हजारी सहा-सातच्या घरात असतो. त्या हिशेबाने 4 हजार वस्तीच्या गावात वर्षाला 25-26 मृत्यू, म्हणजे महिन्याला दोन, होणारच. ते दोन वजा केल्याशिवाय साथीने किती नेले ते कळत नाही.

मोजायचं कुणाला

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हा होता.

एका घरातली मुलगी चंदगड तालुक्यात दिलेली. मे 2021 मध्ये सासरी आजारी पडली आणि गडहिंग्लजला गेली. आमची मुलं घरी गेली तेव्हा तिच्या वडिलांनी तिचं नाव पहिल्यांदा सांगितलं. नियमाप्रमाणे ती आमच्या यादीत येत नव्हती, ती तिच्या सासरच्या गावात मोजली जायला हवी. मुलांनी तसं सांगितल्यावर ते म्हणाले, ‘घाला ओ तिचं नाव. सासरी गेली म्हणून काय आमची नव्हं?’ मुलं निरुत्तर होऊन परत आली.

याच्या उलटही घडलं होतं. पुण्याला वीस वर्षं राहिलेला एक माणूस टाळेबंदीत गावी आला आणि इथेच गेला. त्याचं रेशनकार्ड, आधार, मतदान सगळं पुण्याचं. तलाठ्याच्या वहीत मात्र तो आहे, कारण मृत्यू इथला. गोव्यात मजुरीला गेलेली आणि तिथेच गेलेली माणसं होती. आणि गावाच्या कडेला वीटभट्टीवर राहणारी कुटुंबं, जी कुणाच्याच यादीत नव्हती.

बैठकीत दोन मतं पडली. एक बाजू म्हणत होती, गावाला जो आपला वाटतो तो आपला. दुसरी म्हणत होती, असं केलं तर चार गावं चार याद्या करतील आणि एकच मुलगी दोनदा मोजली जाईल. दोन्ही बाजूंना तथ्य होतं. शेवटी असं ठरलं: मृत्यूआधीचे सहा महिने जो माणूस गावच्या हद्दीत राहत होता तो मुख्य यादीत, मग त्याचा जीव बेळगावात गेलेला असो, कोल्हापुरात असो की रस्त्यात. वीटभट्टीवरची माणसंही याच नियमाने मुख्य यादीत. माहेरवाशिणी, बाहेरगावी स्थायिक झालेली माणसं आणि टाळेबंदीत परतलेली माणसं यांची जोडयादी. ती ठेवायची, नावं तशीच आदराने लिहायची, पण बेरजेत धरायची नाहीत. त्या वडिलांना शिक्षक स्वतः जाऊन हे समजावून आले. मुलीचं नाव जोडयादीत पहिलं आहे.

यादी कशी तयार झाली

संक्रांतीनंतर काम सुरू झालं. जोडीने जायचं, जोडीत एक बाई असायचीच, आणि कन्नड व उर्दू बोलणाऱ्या गल्ल्यांत तिथलेच सोबती घ्यायचे. हे शेवटचं फार महत्त्वाचं ठरलं. सीमाभागात मराठी पोरं वही घेऊन दारात आली की कन्नड घराला वाटतं हे काहीतरी राजकारणाचं असणार. त्या गल्लीतली एक शिक्षिका सोबत आल्यावर दारं उघडली आणि तिथले चार मृत्यू लिहिले गेले, जे गावाच्या चर्चेत कधी आलेच नव्हते.

तारखा कुणाला आठवत नाहीत. म्हणून विचारायचं: मतदानाच्या आधी की नंतर? पाडव्याच्या आधी की नंतर? तौक्ते वादळाचा पाऊस लागला तेव्हा माणूस होतं का? जुलैच्या पुरात होतं का? पोटनिवडणुकीची तारीख गावातल्या प्रत्येकाला पक्की ठाऊक होती, तिच्याभोवती बाकीच्या तारखा आपोआप लागत गेल्या.

मग लक्षणं. देशभरातल्या निवडक वस्त्यांतले जन्म-मृत्यू मोजणाऱ्या नमुना नोंदणी पद्धतीत भारताच्या महानिबंधकांचं कार्यालय जशी घरच्यांना विचारून मृत्यूची कारणं ठरवतं, तसाच साधा प्रश्नसंच केला. ताप किती दिवस होता? धाप चालताना लागायची की पडल्या पडल्याही? वास-चव गेली होती का? घरात त्याच आठवड्यात आणखी कोण आजारी होतं? आधीपासून साखर, रक्तदाब, दमा? उत्तरं घरच्यांच्याच शब्दांत लिहायची, मुलांनी निदान करायचं नाही. निदानाचं काम नंतर एका डॉक्टरांनी नावं झाकून केलं. लसीबद्दलही विचारलं, कारण ‘लस घेतल्यामुळे गेले’ अशी कुजबूज गावात होती. पण एवढ्याशा संख्येवरून लसीबद्दल काही म्हणता येणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं आणि आम्ही काही म्हटलंही नाही.

घरी विचारून झालं की दुसरीकडून पडताळा. आरोग्य केंद्राची यादी, तलाठ्याची नोंद, स्मशानात लाकूड पुरवणाऱ्याची वही, कब्रस्तानची नोंद, कृषी पत्तीन सोसायटीतले (म्हणजे गावच्या शेतकी पतसंस्थेतले) वारसबदल, स्थानिक मराठी दैनिकातल्या निधनवार्ता, आणि लोकांच्या मोबाइलमधले भावपूर्ण श्रद्धांजलीचे फोटो.

इथे एक गोष्ट उघडी पडली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचा मृत्यू तीन-तीन ठिकाणी लिहिलेला होता, कारण वारसा लावायला दाखला लागतो. भूमिहीन मजूर, म्हाताऱ्या विधवा आणि तान्ही मुलं एकाही ठिकाणी नव्हती. ज्यांच्या मागे कुणाला काही मिळायचं नाही त्यांची नोंद करायला कुणी जात नाही. नुसत्या दाखल्यांवरून मोजणी केली असती तर गावातली सगळ्यात गरीब माणसं पुन्हा एकदा सुटली असती, आणि त्यात बायका जास्त.

मधेच आलेली मुदत

काम निम्म्यावर असताना, 24 मार्च 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 20 मार्चपूर्वी झालेल्या मृत्यूंसाठी मदतीचे अर्ज साठ दिवसांत आले पाहिजेत. म्हणजे मेच्या चौथ्या आठवड्यापर्यंत. आता काय करायचं? मोजणी पुरी करायची तर अर्ज राहतील, अर्जांमागे लागायचं तर मोजणी अर्धवट पडेल आणि उरलेल्या गल्ल्यांतल्या आठवणी आणखी पुसट होतील.

मोजणी थांबवली. यावर आमच्यात मतभेद होता. आशाताईंचं म्हणणं होतं की उरलेली घरंच सगळ्यात मागची आहेत, अर्जाची गरज त्यांनाच जास्त. म्हणून मधला मार्ग निघाला: उरलेल्या गल्ल्यांत पूर्ण प्रश्नसंच न घेता एकच प्रश्न घेऊन जायचं, ‘2021 मध्ये कुणी गेलं का, आणि कागद काय काय आहेत?’ आशाताईंचं ऐकलं ते बरं झालं. मदतीला पात्र निघालेल्या घरांपैकी दोन त्याच गल्ल्यांतली होती.

कागद पाहताना आरोग्य मंत्रालय आणि आयसीएमआरची 3 सप्टेंबर 2021 ची सूचना हाताशी ठेवली. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू, मग तो घरी झालेला का असेना, कोविडचा धरायचा. चाचणी निगेटिव्ह असली तरी रुग्णालयात तपासण्यांवरून डॉक्टरांनी कोविड ठरवला असेल तर तोही. तक्रार असल्यास जिल्हा समितीकडे दाद. शिवाय दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने मदत नाकारता येणार नाही, असा न्यायालयाचा ऑक्टोबर 2021 चा आदेश होता. ‘हृदयक्रिया बंद पडून’ लिहिलेल्या घरात डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा अहवाल आणि ऑक्सिजनचं बिल एका पिशवीत जपून ठेवलेलं होतं. समितीपुढे तेवढं पुरलं. कोल्हापूरच्या मृत्यूत नावाच्या स्पेलिंगने अडवलं. आधारवर एक, चाचणीवर दुसरं, दाखल्यावर तिसरं. प्रतिज्ञापत्र करून ते मार्गी लागलं, पण त्या बिचाऱ्या पोराला दोन राज्यांतल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले.

आणखी एक गोष्ट कुणाच्या डोक्यातही नव्हती. एका घरी नवऱ्याचं बँक पासबुक चाळताना मे महिन्यातली 330 रुपयांची नोंद दिसली. तिला ते बँकेचे चार्जेस वाटत होते. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता होता, मृत्यूनंतर 2 लाख मिळणारा, कारण कोविड असो वा नसो. मग प्रत्येक घरी पासबुक मागून ती 330 ची ओळ शोधायचं ठरलं. ज्या घरांकडे कोविडचा एकही कागद नव्हता त्यांतल्या काहींना निदान यातून आधार मिळाला.

आकडे कसे मांडले

मुख्य यादीतल्या एप्रिल ते जून 2021 च्या मृत्यूंचे पाच गट केले: चाचणीने पक्का कोविड, रुग्णालयाच्या कागदांवरून कोविड, कागद नाही पण लक्षणांवरून बहुधा कोविड, दुसरं कारण, आणि सांगता येत नाही. शेवटचा गट ठेवू नये, लोकांना तो आवडणार नाही, असं काहींचं म्हणणं होतं. डॉक्टर त्यावर अडून बसले आणि त्यांचं बरोबर होतं. सत्तरीच्या पुढचा, दम्याचा जुना रोगी, घरी झोपेत गेलेला. त्याचं कारण आज कुणीही ठामपणे सांगू शकत नाही.

एका कुटुंबाने नाव काढायला सांगितलं. घरात लग्नाची मुलगी होती, त्यांना चर्चा नको होती. नाव झाकलं, क्रमांक ठेवला. माणूस बेरजेतून काढायचा नाही, पण त्याचं नाव सांगायचा हक्क घरच्यांचा, हा नियम त्या दिवसापासून सगळ्यांना लागू झाला.

परिणाम

त्या तीन महिन्यांत एरवी सहा-सात मृत्यू अपेक्षित होते. यादी पंचविसाच्या आसपास थांबली. चाचणी आणि कागद असलेले मिळून साधारण निम्मे, लक्षणांवरून बहुधा कोविड म्हणावेत असे चार-पाच, उरलेले दुसऱ्या कारणाचे किंवा न कळलेले. सरकारी यादीतली सगळी नावं आमच्या यादीत होती. आमची बरीचशी त्यांच्या यादीत नव्हती.

‘शंभर’ मात्र निघाले नाहीत. ग्रामसभेत यादी वाचली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, ‘एवढेच?’ शिक्षकांनी उत्तर दिलं की ज्याला नाव सुटल्याचं वाटतं त्याने ते आत्ता सांगावं. चार नावं आली. दोन आधीच होती, एक 2020 मधलं होतं, एक खरंच सुटलेलं होतं, ते तिथेच चढवलं. त्यानंतर गावात शंभराची भाषा ऐकू आली नाही.

परत आलेल्या तीन अर्जांपैकी दोन मंजूर झाले. तिसरी, घरी गेलेली म्हातारी, तिच्या घराला काही मिळालं नाही. चाचणी नव्हती, रुग्णालयही नव्हतं. तिच्या मृत्यूची नोंद तरी व्हावी म्हणून मुलाने अर्ज केला. वर्ष उलटलेलं असल्यामुळे तेव्हाच्या नियमाने न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागला. तो मिळाला. आरोग्य केंद्राने यादीची प्रत ठेवून घेतली, त्यांचा आकडा बदलला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

मृत्यूनंतर सहा महिने उलटून गेल्यावर विचारणं फार उशिराचं. दिवसकार्य झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत गेलं तर लक्षणांची उत्तरं पक्की मिळतात आणि औषधांच्या चिठ्ठ्या टाकून दिलेल्या नसतात. आमच्याकडच्या ‘सांगता येत नाही’ गटातली निदान तीन माणसं वेळेवर विचारलं असतं तर दुसऱ्या गटात गेली असती.

शेजारच्या गावांबरोबर, आणि विशेषतः हद्दीपलीकडच्या चंदगड तालुक्यातल्या गावांबरोबर, एकच नियम ठरवून मोजायला हवं. तसं झालं तर जोडयादीतला माणूस दुसऱ्या गावाच्या मुख्य यादीत सापडतो की नाही ते ताडून पाहता येईल. आमच्या जोडयादीतल्या किती माणसांना त्यांच्या गावाने मोजलं, ते आम्हाला पडताळता आलेलं नाही.

अर्जांची मदत आणि मोजणी सुरुवातीपासूनच वेगवेगळ्या माणसांकडे द्यावी. एकच मुलगा सकाळी प्रश्नसंच भरून घेतो आणि संध्याकाळी मदतीचा अर्ज, तेव्हा घरच्यांची उत्तरं अर्जाकडे झुकतात; ते स्वाभाविक आहे, आणि त्यात त्यांचा दोष काही नाही.

तुलनेसाठी 2018 आणि 2019 ही वर्षं घेतली. छोट्या गावात एखादं वर्ष उगाच वर-खाली होतं, म्हणून पाच वर्षं घ्यावीत. 2020 तुलनेत धरू नये, ते वर्ष साधं नव्हतं.

मूळ वह्या पंचायतीच्या कपाटात आहेत आणि एक प्रत वाचनालयात. यादी मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे सारख्याच क्रमाने लिहिली आहे. आशाताई आता दर महिन्याच्या शेवटी त्यांच्याकडची मृत्यूंची नावं तलाठ्याच्या नोंदीशी ताडून पाहतात, आणि 21 दिवसांच्या आत नोंद झाली नसेल तर त्या घरी जाऊन सांगतात.